किल्लीवर फिरणारं मटण

वेल्समधल्या अ‍ॅबरगॅवेनीच्या संग्रहालयात काचेच्या पेटीत पेंढा भरलेला एक कुत्रा आहे. अंग लांब, पाय आखूड, नाव व्हिस्की. त्याच्या जातीचं कामच तिच्या नावात होतं: टर्नस्पिट, म्हणजे शीग फिरवणारा. भिंतीवर उंच बसवलेल्या चाकात कुत्र्याने पळत राहायचं आणि चाकाला जोडलेल्या दोरीने खाली आगीपुढची शीग फिरायची. जॉन कायस यांचं कुत्र्यांवरचं पुस्तक 1576 मध्ये इंग्रजीत आलं, त्यात या जातीचा उल्लेख आहे. आता ही जात नामशेष झाली आहे.

कुत्र्यांच्या आधी पोरं होती. आठव्या हेन्रीच्या दरबाराने 1526 मध्ये काढलेल्या नियमांत भटारखान्यातल्या पोरांना उघडंनागडं न वावरण्याची ताकीद आहे. त्या धगीपुढे तासन्‌तास शीग फिरवणाऱ्याला कपडे नकोसे झाले, तर नवल कसलं?

मग यंत्रं आली. दोरीला टांगलेलं वजन हळूहळू खाली उतरताना शीग फिरवायचं. धुराड्यातल्या गरम हवेवर फिरणाऱ्या पंख्याची कल्पना लिओनार्दो दा विंचीनेही कागदावर उतरवली होती. पण घरगुती चुलाण्यापर्यंत खऱ्या अर्थाने पोचला तो बॉटल जॅक. बाटलीच्या आकाराचं पितळी नळकांडं, आत घड्याळासारखी स्प्रिंग, वर टांगायला कडी, खाली आकडा. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज घरांत तो सर्रास असे. स्प्रिंगच्या ताणकाट्यांमुळे नाव झालेल्या वेस्ट ब्रॉमविचच्या सॉल्टर कंपनीनेही असे जॅक विकले.

आपल्याकडे कबाबाची शीग निखाऱ्यांवर आडवी असते. इंग्रजी रोस्ट मात्र आगीवर होत नाही, आगीपुढे होतो. उभ्या पेटलेल्या जाळाची धग समोरून मांसावर पडते, ज्वाळा त्याला शिवत नाही. समोरची बाजू भाजते, तेवढ्यात मागची निवते, आणि सुटलेली चरबी खाली गळण्याआधी मांसावरच फिरत राहते. भट्टीत भाजलेल्या मटणाला लोक आज खुशाल रोस्ट म्हणतात. जुन्या आचाऱ्याच्या लेखी ते भाजणं ब्रेडचं.

बॉटल जॅकची खुबी त्याच्या उभेपणात आहे. आडव्या शिगेत मांसाचा तोल जरा चुकला, की जड बाजू वर चढताना यंत्र अडतं आणि खाली येताना झपकन घरंगळतं. एक बाजू करपते, दुसरी कच्ची राहते. टांगलेल्या मांडीला ही भानगडच नाही, कारण वजन आपोआप आकड्याच्या सरळ खाली येतं. त्यामुळे साधी स्प्रिंगही पुरते. जॅक मांसाला काही फेरे एका दिशेने देतो, थांबतो, मग तितकेच उलटे. मागे टिनचा अर्धगोल आडोसा असतो. तो धग परतवतो, आणि त्याच्या पाठीला एक छोटं दार असतं, तिथून पळीने चरबी ओतायची.

हे सगळं इतकं सुबक आहे, की आजच्या घरात ते करून पाहायचा मोह कोणालाही व्हावा. अडचण जॅकची नाहीच. अडचण आगीची आहे.

जुना हिशोब पौंडाला पाव तास. आठ पौंडांची मेंढ्याची मांडी म्हणजे दोन तास, आणि तेवढा वेळ जाळ उंच, उजळ, एकसारखा हवा. धुमसणारं लाकूड कामाचं नाही. त्यासाठी खास उंच, अरुंद लोखंडी जाळी असायची आणि ती कोळशाने भरायची. आज इंग्लंडमध्ये 1956 च्या कायद्यापासून धूरबंदीचे इलाखे आहेत. पोत्यातला साधा दगडी कोळसा घरात जाळण्यासाठी विकायला 2021 पासून बंदी आहे, सुटा विकायला 2023 पासून. धूरबंदीच्या इलाख्याबाहेर उरतं ते मुख्यतः सुकं लाकूड. ते भरभर जळतं, म्हणून माणूस चुलाण्यापुढून हलू शकत नाही. बरं, नंतरच्या काळातले चुलाणे खोली ऊबदार ठेवायला बांधलेले, उथळ आणि बुटके. त्यांच्यापुढे टांगलेल्या मांडीचं खालचं टोक भाजतं, वरचं पांढुरकं राहतं. मग अर्ध्यावर ती उतरवून उलटी टांगायची, तीही तळहात भाजत. खाली गळती चरबी झेलणारं ताट हवंच, नाहीतर फरशीवरच भडका.

शीग फिरवणाऱ्या पोराची आणि कुत्र्याची यंत्राने सुटका केली. आगीपुढे बसणाऱ्याची नाही केली.

तरीही जुन्या वस्तूंच्या बाजारात असा जॅक हाती लागलाच, तर आधी किल्ली जोरात पिळू नका. दोन फेरे द्या, रिकामा टांगा आणि दोन्ही दिशांना फिरतो का ते पाहा. चरबीचं ताट तांब्याचं असेल तर आतली कल्हई नीट निरखून बघा. उडाली असेल, तर पहिली मांडी टांगण्याआधी कल्हईवाला शोधा.