बांबू गावाचा, परवाना कुणाचा?

२७ एप्रिल २०११. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावात तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण आले आणि त्यांनी बांबूचे वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हाती दिले. वनखात्याकडून मिळणारा हा साधा कागद द्यायला मंत्र्यांना गावात यावं लागलं. कायदा केल्याने विकास होतो का, याचं उत्तर या प्रसंगात आहे.

इंग्रजांनी जंगल सरकारी केलं आणि त्यावर पिढ्यानपिढ्या जगणारे गोंड आदिवासी आपल्याच रानात चोर ठरले. स्वातंत्र्यानंतरही १९२७ चा वनकायदा कायम राहिला. बांबू कागद कारखान्यांकडे जाई, गावाच्या वाट्याला फक्त तोडणीची मजुरी येई. २००६ च्या वनहक्क कायद्याने हा अन्याय मान्य केला. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला.

तरीही बांबू विकता येईना. नवा कायदा बांबूला गौण वनोपज म्हणत होता, म्हणजे मालकी गावाची. जुन्या कायद्यात मात्र तो झाड होता. वनखात्याने जुन्यावर बोट ठेवलं आणि परवाना अडवला. हक्काचा कागद घरात आणि माल जंगलात, अशी दोन वर्षं गेली. ज्या मालाला बाजारापर्यंत वाट नाही, त्याच्या मालकीने चूल पेटत नाही.

मेंढा हटला नाही, कारण तिथली तयारी जुनी होती. गावाचे नेते देवाजी तोफा आणि गावकऱ्यांनी कायदा येण्याच्या कितीतरी आधीपासून अभ्यासगट चालवले होते, ग्रामसभेत सर्वसहमतीने निर्णय घ्यायची सवय लावली होती. म्हणून कलम काय सांगतं हे त्यांना अधिकाऱ्यांपुढे मांडता आलं. २०१२ मध्ये नियम बदलले आणि परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडे आला. आज गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभा बांबू आणि तेंदूपत्ता स्वतः विकतात.

विकसनशील देशांत चांगल्या कायद्यांची वाण नसते, पण तेवढ्याने भागत नाही. नव्या हक्काचा गळा आवळणारे जुने नियम त्याच दिवशी रद्द करावे लागतात आणि तो हक्क मागू शकेल असा संघटित समाज उभा राहावा लागतो. पहिलं काम सरकारचं आहे, दुसरं आपलं. यातलं एकही टाळलं, तर गरिबाच्या वाट्याला कायदा येतो, पण मिळकत येत नाही.