मुरगळलं की चोळायचं नाही

संध्याकाळी विहारामागच्या मोकळ्या जागेत कबड्डी रंगते. चढाईला गेलेल्याचा पाय पकडला, अंग एकीकडे वळलं, गुडघा दुसरीकडे, आणि पोरगं खाली बसलं. मग घरोघरी एकच इलाज: गरम तेल लावा, चोळा, नस बसवून घ्या.

बायांनो, पहिले दोन-तीन दिवस चोळू नका, शेकू नका. आत बारीक रक्तवाहिन्या फुटलेल्या असतात, त्याने सूज वाढते. बर्फ फडक्यात गुंडाळून १५-२० मिनिटं ठेवा, दिवसातून चार-पाच वेळा. बर्फ नसेल तर माठातल्या पाण्याची पट्टी. वर क्रेप बँडेज, आणि पाय उशीवर उंच.

घोटा असेल तर ४ पावलं चालायला सांगा. चालताच येत नसेल, किंवा घोट्याच्या हाडावर दाबलं की कळ येत असेल, तर एक्स-रे काढाच. गुडघ्याचं वेगळं. 'कट्' असा आवाज आला, काही तासांत गुडघा टम्म फुगला, पुढे वळताना पाय दगा देऊ लागला, तर आतलं लिगामेंट तुटलेलं असू शकतं. एक्स-रेत हाड दिसतं, लिगामेंट नाही. म्हणून 'एक्स-रे नॉर्मल' ऐकून मैदानात उतरू नका, हाडांच्या डॉक्टरांकडून गुडघा तपासून घ्या. ऑपरेशन प्रत्येकाला लागतंच असं नाही. व्यायाम मात्र महिनोनमहिने करावा लागतो, आणि नेमका तोच आपण अर्धवट सोडतो. ऑपरेशन सांगितलंच तर ते महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा.

मी नोकरीत असताना रात्रपाळीला एक मुलगा आला होता. खेळताना हात मोडलेला, बांबूच्या पट्ट्यांनी दोन दिवस आवळून ठेवलेला. बोटं निळी, गार. तो रडायचा तेव्हा घरचे म्हणायचे, मोडलंय तर दुखणारच. हात वाचला नाही. पट्टी हाडवैद्याची असो की प्लॅस्टर दवाखान्यातलं, बोटं सुन्न, गार किंवा निळी पडली की सकाळची वाट बघायची नाही. पट्टी तिथंच सैल करा, प्लॅस्टर असेल तर त्याच रात्री दवाखाना गाठा.

आणि आपल्या पोरी. त्या लागलेलं लपवतात, कारण कळलं की घरचे खेळच बंद करतात. दुखरा गुडघा ओढत सहा-सहा महिने खेळणाऱ्या मुली मी पाहिल्यात. लेक लंगडताना दिसली तर रागावण्याआधी तिला खाली बसवा, दोन्ही गुडघे शेजारी-शेजारी ठेवून बघा. सूज असेल तर लगेच दिसते.