इंजिन बांधायचे की बदलायचे?

मे महिन्यात सुट्टीला गावी गेलो, तेव्हा काकांची मोटरसायकल निळसर धूर सोडत होती. गाडी शंभर सीसीची, बारा-तेरा वर्षांची. कराड तालुक्यातल्या आमच्या गावातून काका तिच्यावर रोज पहाटे दुधाचे दोन कॅन डेअरीवर नेतात. पप्पा फौजेत, त्यांची पोस्टिंग लांब. घरात दहा हजार रुपये शिल्लक होते आणि ते जूनच्या बियाण्या-खतासाठी बाजूला ठेवलेले होते. मी न विचारताच मत दिले, "काका, इंजिनच बदलून टाका."

आजोबा म्हणाले, "आधी डॉक्टरला दाखव, मग ऑपरेशनचं बोल."

म्हणून आम्ही मिस्त्रींकडे गेलो. तिथे दोन दिवसांत जे शिकलो ते इथे सांगतो. आपल्यापैकी अनेकांच्या घरी अशी जुनी गाडी असेल आणि कधी ना कधी हा प्रश्न येणारच.

पहिली गोष्ट, धूर ओळखायचा. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जळते आहे. तो दोष बहुतेक वेळा कार्बोरेटरचा किंवा घाण झालेल्या एअर फिल्टरचा असतो, त्यासाठी इंजिन उघडायची गरज नसते. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. त्यातही फरक आहे. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी चालू करताना थोडा निळा धूर येऊन थांबत असेल, तर व्हॉल्व्हच्या सीलवर संशय घ्यावा. ॲक्सिलरेटर पिळला की दर वेळी धूर येत असेल, तर पिस्टनच्या रिंगा किंवा सिलिंडर झिजला असावा. काकांची गाडी दुसऱ्या प्रकारची होती.

संशय खरा की खोटा, हे कॉम्प्रेशन मोजून कळते. मिस्त्रींनी स्पार्क प्लग काढून त्या भोकात प्रेशरचा मीटर बसवला आणि ॲक्सिलरेटर पूर्ण उघडून किक मारल्या. काटा बराच खाली राहिला. मग भोकातून चमचाभर ऑइल आत सोडले आणि पुन्हा मोजले. आता काटा चांगलाच वर गेला. मी कारण विचारले. ते म्हणाले, "ऑइलनं रिंग आणि सिलिंडरमधली फट थोडा वेळ भरली. म्हणजे हवा तिथनंच गळत होती. व्हॉल्व्ह गळत असता तर ऑइल घालून काटा हलला नसता."

दुसरी गोष्ट, खालची बाजू तपासायची. वरच्या भागात पिस्टन, सिलिंडर आणि हेड येतात. खालच्या भागात क्रँक, कनेक्टिंग रॉड, बेअरिंग आणि गिअर. फक्त वरचे काम म्हणजे 'हाफ इंजिन', दोन्ही केले तर 'फुल इंजिन'. सगळा हिशोब याच फरकावर ठरतो. हेड आणि ब्लॉक उतरवल्यावर मिस्त्रींनी कनेक्टिंग रॉड माझ्या हातात दिला आणि वर-खाली हलवायला सांगितला. तो उजवी-डावीकडे किंचित सरकत होता, तेवढे चालते. पण वर-खाली अजिबात हलता कामा नये. हलला तर खालचे बेअरिंग गेले असे समजावे. आमचा हलला नाही. क्रँक फिरवताना घरघर नव्हती, गिअरही नीट पडत होते.

तिसरी गोष्ट, झीज मोजायची. या इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ५० मिमी आणि स्ट्रोक ४९.५ मिमी असतो. दहावीच्या गणितातले वृत्तचितीचे सूत्र वापरले की घनफळ ९७.२ घन सेंटीमीटर येते. तेच आपले 'शंभर सीसी'. कराडच्या लेथवाल्याने बोअर गेजने सिलिंडर वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी, आडवा-उभा मोजला. सगळ्यात जास्त झीज वरच्या टोकाला होती, ०.१२ मिमी. तिथे पिस्टन क्षणभर थांबून उलटा फिरतो, उष्णता सर्वांत जास्त असते आणि ऑइलचा थर पातळ असतो. ०.१२ मिमी म्हणजे केसाच्या जाडीएवढा प्रकार, पण इंजिनाला तो फार होतो. शिवाय भिंतीवर उभे ओरखडे होते.

अशा सिलिंडरमध्ये नुसत्या नव्या रिंगा टाकून उपयोग नाही. वर रुंद आणि खाली अरुंद झालेल्या भोकात नवी रिंग सगळीकडे सारखी टेकत नाही. धूर थोड्याच दिवसांत परत येतो आणि मजुरी दोनदा जाते.

चौथी गोष्ट, पर्याय कागदावर मांडायचे. शाळेत मॅप रीडिंगला आम्ही निर्णयाआधी सगळे रस्ते लिहून काढतो, तसेच मी वहीत लिहिले. मिस्त्रींनी सांगितलेले आकडे असे :

हाफ इंजिन : मोठा पिस्टन आणि रिंगा १,००० रुपये, लेथवर बोअर ४००, गॅस्केट व व्हॉल्व्ह सील ४००, ऑइल ४००, मजुरी १,५००. एकूण ३,७०० रुपये.

नवा ब्लॉक-पिस्टन सेट घातला तर पिस्टन आणि बोअर यांच्या १,४०० रुपयांऐवजी २,५०० रुपये. एकूण ४,८००.

फुल इंजिन : साधारण ७,५००.

जुन्या बाजारातले दुसरे 'चालू' इंजिन : ९,००० आणि बसवायची मजुरी वेगळी.

गाडी विकायला काढली तर १५,००० रुपये येतील, असा मिस्त्रींचा अंदाज होता. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होऊ नये, म्हणून ही किंमतही शेजारी लिहावी.

दुसरे इंजिन घेण्यात आणखी एक अडचण होती. इंजिन नंबर क्रँककेसवर कोरलेला असतो आणि तोच आरसी बुकात असतो. हाफ इंजिनात क्रँककेस तीच राहते, नंबर बदलत नाही. दुसरे इंजिन बसवले तर आरटीओ आणि विमा, दोन्हीकडचे कागद पाहावे लागतात. बिल नसलेले इंजिन चोरीचेही असू शकते. आणि ते आतून किती झिजले आहे, हे उघडल्याशिवाय कुणालाच कळत नाही.

मग बदलणे केव्हा योग्य? क्रँककेसला तडा गेला असेल, बेअरिंगच्या बैठका सैल झाल्या असतील, गिअर तुटले असतील किंवा सुटे भागच मिळत नसतील तेव्हा. यातले आमच्याकडे काहीच नव्हते. मी सुचवलेला पर्याय सर्वांत महाग निघाला, आणि गरज नसलेला.

मोठे पिस्टन ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिमी अशा मापांत येतात. ०.२५ ला ओरखडे पूर्ण निघाले नसते, म्हणून ०.५० घेतला. पिस्टन आधी विकत घ्यायचा आणि त्याच्या मापाने बोअर मारायचा, उलट नाही. घनफळ आता ९९.१ सीसी झाले. पुढे अजून दोन मापे शिल्लक आहेत, त्यानंतर मात्र ब्लॉक बदलावा लागेल.

आता एक गोष्ट, जी सांगायला मला जड जाते. ऑइल काढले तेव्हा लिटरभराच्या जागी जेमतेम एक पेला निघाले, काळेकुट्ट. दिवाळीच्या सुट्टीत ऑइल पाहायचे काम माझ्याकडे होते. मी काडी काढून पाहिलीच नव्हती आणि काकांना "पाहिलं, ठीक आहे" म्हणून सांगितले होते. गॅरेजमध्येच मी त्यांना हे सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पुढचे सहा महिने मी तरी कुठं बघितलं? आता दर रविवारी बघायचं."

नवे बोअर-पिस्टन एकमेकांत बसेपर्यंत गाडी जपून चालवावी लागते. पहिले ५०० किलोमीटर जास्त वेग नाही, जास्त ओझे नाही, आणि मग ऑइल बदलायचे. म्हणून काका एकच कॅन गाडीवर नेत होते. दुसरा कॅन सुट्टी संपेपर्यंत मी सायकलला बांधून डेअरीवर नेला. जाताना चढ आहे. माझी शिक्षा मीच ठरवली होती.

बियाण्याच्या पैशांतून ३,७०० रुपये गेले. आजोबांनी एक शेळी विकून ते भरून काढले. गाडी बदलली असती तर पेरणी उधारीवर झाली असती.

आता दर रविवारी घरी फोन लागला की मी काकांना आधी विचारतो, "ऑइल पाहिलं का?" आणि तेही मला विचारतात, "खरंच पाहिलं म्हणू, की तुझ्यासारखं?"

– एक कॅडेट, इयत्ता दहावी