डॉक्टरसाहेब, डोये त नाही जातीन ना?

वरची दाढ काढायची म्हटली की खुर्चीतला माणूस हमखास विचारायचा, "डॉक्टरसाहेब, डोये त नाही जातीन ना?" मी १९८०च्या दशकात मेडिकल चौकातल्या 'डेंटल'ला, म्हणजे शासकीय दंत महाविद्यालयात, शिकत होतो, तेव्हा ओपीडीत हा प्रश्न रोज कानावर पडे. त्यानंतर नागपुरातल्या दातांच्या दवाखान्यांतलं जवळजवळ सगळं बदललं. हा प्रश्न मात्र अजून टिकून आहे. फरक एवढाच की आता तो आजी विचारत नाही, आजीला घेऊन आलेला नातू विचारतो.

उत्तर सोपं आहे. दृष्टीची नस मेंदूतून निघणाऱ्या नसांपैकी दुसरी आणि दातांची पाचवी. एकीला धक्का लागला म्हणून दुसरी बंद पडत नाही. पण एवढं सांगून कोणाचं समाधान होत नसे, आणि त्यात त्यांची चूकही नव्हती. माणूस दाढ काढायला यायचा तो चाळिशीच्या पुढे, आणि जवळचं दिसेनासं होण्याचं वयही तेच. शिवाय वरच्या दाढेत पू झाला की सूज गालावरून डोळ्याखाली चढते, कधी पापणी मिटून जाते. दाढ निघाली, महिन्या-दोन महिन्यांनी चष्मा लागला, की गावभर झालंच. लोक जे पाहत होते ते खरंच होतं, त्यांनी जोडलेला संबंध तेवढा खोटा होता.

त्या काळी दातांच्या डॉक्टरकडे जायचं म्हणजे दात काढायलाच जायचं. नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय १९६८ मध्ये सुरू झालं. त्याआधी विदर्भातल्या मुलाला दंतवैद्य व्हायचं असेल तर मुंबई गाठावी लागे, नाहीतर परप्रांत. १९४८च्या दंतवैद्य कायद्याने नोंदवहीचे दोन भाग केले होते. पदवीवाले 'अ' भागात, आणि पदवी नसूनही निदान पाच वर्षं याच कामावर पोट भरणारे 'ब' भागात. 'ब' भागातल्या या जुन्या मंडळींना आमचे प्राध्यापक नाकं मुरडत. मला ते पटत नसे. ज्या काळात दुसरं कोणी नव्हतं, त्या काळात ठणकणाऱ्या दाढेतून माणसाला त्यांनीच सोडवलं होतं. 'डेंटल' सुरू झालं आणि काटोल, उमरेड, रामटेकपासून पार बालाघाट-छिंदवाड्यापर्यंतचे पेशंट मेडिकलच्या आवारात येऊ लागले. पत्ता विचारताना आजही कोणी पूर्ण नाव घेत नाही. मेयो, मेडिकल, सुपर आणि डेंटल, एवढं पुरतं.

दुसरा जुना प्रश्न: "कितीक डाव या लागन?" शिकत असताना हा मला आळसाचा प्रश्न वाटे. दवाखाना टाकल्यावर कळलं की तो हिशेबाचा प्रश्न आहे. एक खेप म्हणजे एक रोजी बुडणार, एसटीचं भाडं जाणार, आणि बाई असेल तर सोबत कोणीतरी यायला हवं. रूट कॅनॉलला तेव्हा चार-पाच खेपा सहज लागायच्या. काही ठिकाणी नस मारायला दातात आर्सेनिकची पेस्ट भरून ठेवत आणि काही दिवसांनी बोलावत. ती बाहेर झिरपली तर हिरडी आणि हाड जाळायची. ड्रिलचं यंत्र पायाने चालवायचं, त्याची घरघर कवटीत घुमायची. मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेणारा एअरोटर अमेरिकेत १९५७ मध्येच बाजारात आला होता, आमच्यापर्यंत यायला त्याने आपला वेळ घेतला. मग "काढूनच टाका न जी, एकदाची कटकट मिटन" असं म्हणणाऱ्याला अडाणी कसं म्हणायचं? आज निकेल-टायटॅनियमच्या फायली आहेत, एक्स-रे क्षणात पडद्यावर दिसतो आणि पुष्कळ दातांचं काम एका बैठकीत आटोपतं. खेपांचा प्रश्न बराचसा सुटला, पण त्याची जागा पैशाने घेतली. काढायला थोडके लागतात, वाचवायला कितीतरी पट. साधा मेडिक्लेमही बहुतेक वेळा दातांचा खर्च देत नाही. "दात वाचन का?" या प्रश्नाच्या पोटात "परवडन का?" असतं, आणि डॉक्टरने उत्तर देताना ते ऐकायला हवं.

नव्वदीच्या दशकात एक नवा प्रश्न आला, तोही दबक्या आवाजात. "सुई नवीन आहे ना?" एड्सची भीती घरोघर पोचली होती. तोवर काचेच्या सिरिंजा उकळून वापरणं सर्रास चाले. पेशंट विचारू लागला म्हणून कित्येक दवाखान्यांत वापरून फेकायच्या सुया आल्या, ऑटोक्लेव्ह आले, हातमोजे आले. पेशंटच्या प्रश्नाने आमच्या धंद्याला वळण लावल्याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं आठवत नाही. काही सहकाऱ्यांना तेव्हा अपमान वाटला होता. वाटू दे.

"पेस्ट चांगली की मंजन?" या प्रश्नाला नागपुरात थोडा घरचा रंग आहे. विकोचे संस्थापक केशव विष्णू पेंढरकर मूळ नागपूरचे. मुंबईला जाऊन त्यांनी १९५२ मध्ये कंपनी काढली आणि वज्रदंती घराघरांत नेली. वज्रदंती हे औषध की प्रसाधन, यावर अबकारी खात्याशी कंपनीचा वाद वर्षानुवर्षं चालला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि खात्याच्या बाजूने उभं होतं ते नागपूरचंच आयुक्तालय. कंपनी जिंकली. मी पेशंटला एवढंच सांगत आलो की ट्यूबवर काय लिहिलंय यापेक्षा रात्री ब्रश होतो की नाही हे पाहा. मात्र तंबाखूची मिश्री आणि पूर्वेकडच्या जिल्ह्यांतला गुडाखू ही दात घासायची वस्तू नाही, ते व्यसन आहे. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला केंद्र सरकारने १९९२ मध्ये बंदी केली. गुडाखूचे डबे त्यानंतरही माझ्या बायापेशंटच्या पिशव्यांतून निघत राहिले.

यवतमाळ-चंद्रपूरकडची मुलं-मुली वेगळाच प्रश्न घेऊन यायची. "कितीही घासले तरी दात पिवळेच, काहून?" सोबतची आई हळूच सांगायची, सोयरिकीला अडचण होते. हे डाग घासण्याचे नव्हेत, विहिरीच्या आणि हापशीच्या पाण्यातल्या फ्लोराइडचे. लिटरमागे १ मिलिग्रॅम ही पिण्याच्या पाण्याची मर्यादा, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५. मूल लहान असताना, पक्के दात जबड्यात घडत असतानाच त्याहून जास्त फ्लोराइड पोटात गेलं की दात डागाळूनच उगवतात. नंतर गाव बदललं तरी डाग जात नाही. गंमत अशी की पाण्यातलं फ्लोराइड तुरटी आणि चुना वापरून काढण्याची नलगोंडा पद्धत १९७०च्या दशकात बसवली ती आमच्याच शहरातल्या 'नीरी' या पर्यावरण संशोधन संस्थेने. नाव मात्र गाजलं नलगोंड्याचं. पाण्यातलं फ्लोराइड वाईट, मग पेस्टमधलं चांगलं कसं, असं एका शिक्षकाने मला विचारलं होतं. पेस्टमधलं दाताला बाहेरून लावायचं आणि थुंकायचं असतं. किडीपासून ते नक्की वाचवतं. गिळायचं मात्र नाही, म्हणून लहान मुलाच्या ब्रशवर मटाराएवढीही पेस्ट नको.

मुलांचं निघालंच आहे तर "दुधाचे दात पडणारच, मग भरायचे कशाला?" याने माझा जितका वेळ खाल्ला तितका कशाने खाल्ला नसेल. दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत राहतात आणि खालच्या पक्क्या दातांची जागा राखतात. त्याहून मोठा घोटाळा सहाव्या वर्षी येणाऱ्या दाढेचा. ती कुठलाही दात न पडता मागे गुपचूप उगवते. आईबाप तिला दुधाचीच समजतात, आणि जन्मभराची दाढ आठव्या-नवव्या वर्षी किडून जाते. आणखी एक, जे वेळेवर कोणी विचारत नाही: खेळताना पक्का दात मुळासकट पडला, तर मुळाला हात न लावता दुधात टाकून अर्ध्या-एक तासात आणा. पुष्कळदा तो पुन्हा बसतो.

"क्लीनिंग केल्यावर दात हलतात म्हणे?" हा सुशिक्षितांचा लाडका प्रश्न, धरमपेठ-रामदासपेठेत जास्त. दात आधीच हललेले असतात. हिरडीखालचं हाड झिजलेलं असतं आणि दगडासारखं जमलेलं कीटण पडक्या भिंतीच्या टेकूसारखं त्यांना धरून असतं. टेकू काढला की भिंतीची खरी हालत दिसते. साखरेच्या पेशंटमध्ये हे जास्त, आणि बिघडलेल्या हिरड्यांनी साखरही हटत नाही.

इथवरचे प्रश्न कुठल्याही शहरातले असू शकतात. नागपूरचा खरा प्रश्न आहे खर्रा, आणि तो विचारायला जवळजवळ कोणी आलं नाही. सुपारीचे तुकडे, सुगंधित तंबाखू आणि चुना पन्नीत घालून पानठेल्यावर घोटतात तो खर्रा. शिकत होतो तेव्हा तोंड न उघडणारा पेशंट क्वचित दिसे, आणि आला की सर सगळ्यांना बोलावून दाखवत. पुढे पुढे असे पेशंट इतके आले की दाखवण्यासारखं काही उरलं नाही. तोंड न उघडण्याच्या या आजाराची भारतातली पहिली नोंद मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशींनी १९५३ मध्ये केली. मध्य भारतातल्या एक हजार रुग्णांचा अभ्यास नागपूरच्या 'डेंटल'मधून २००७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात बाईमागे जवळपास पाच पुरुष होते. सुपारीतल्या अर्कामुळे गालाच्या आतल्या नाजूक अस्तराखाली चिवट तंतू साचत जातात, गाल कडक होतो, तोंडाचं दार हळूहळू आकसतं. सुपारी हीच मुळात कर्करोगकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्ये जाहीर केलं. म्हणजे "मी तंबाखू नाही खात, साधी सुपारी खातो" या सबबीतही दम नाही.

पेशंट मात्र भलतीच तक्रार सांगतो. तर्री पोहे झोंबतात, सावजीचं जेवण जात नाही, अलीकडे तिखटच जास्त घालतात. शिट्टी वाजत नाही, पाणीपुरीची पुरी तोंडात मावत नाही. कोणी अक्कलदाढ काढायला येतो आणि तेव्हा कळतं की अवजार आत जाईल एवढंही तोंड उघडत नाही. विशी-पंचविशीची पोरं असतात ही, ऑटोवाले, एमआयडीसीत पाळी करणारे, कॉलेजची. खर्रा सुटला तर पुढची वाढ थांबते, पण साचलेले तंतू आपोआप जात नाहीत. व्यायाम, इंजेक्शनं, शस्त्रक्रिया, सगळं करूनही तोंड पहिल्यासारखं होईल अशी हमी मी कधी दिली नाही. काहींच्या बाबतीत पुढे कर्करोग होतो. केरळात सतरा वर्षं पाठपुरावा केलेल्या रुग्णांत हे प्रमाण ७.६ टक्के निघालं होतं. गुटख्यावर महाराष्ट्रात जुलै २०१२ मध्ये बंदी आली, नंतर सुगंधित तंबाखू आणि सुपारीही तिच्या कक्षेत आली. पन्नी घोटण्याचा आवाज काही बंद झाला नाही. गडचिरोलीत 'मुक्तिपथ'ने २०१६ पासून गावागावांत जाऊन दारू आणि तंबाखूविरुद्ध काम चालवलं आहे. उपराजधानीत तसं काही उभं राहिलेलं मला दिसत नाही, आणि यात आम्ही दंतवैद्यही आलो. दाढेचे पैसे घेतले, तोंडाबद्दल बोललो नाही, असं आमच्यापैकी अनेकांनी केलं.

२०२० मध्ये कोविडने दवाखाने बंद पाडले, कारण एअरोटरचा फवारा म्हणजेच संसर्ग. पुढच्या वर्षी मे महिन्यात काळी बुरशी आली. कोविडमधून उठलेला, साखर वाढलेला, स्टेरॉइड घेतलेला माणूस साधीच तक्रार घेऊन यायचा, वरचे दोन-तीन दात अचानक हलायला लागलेत. त्याला वाटे, हिरडीचं औषध मिळेल. त्याऐवजी वरचा जबडा काढावा लागेल, हे ऐकावं लागे. अ‍ॅम्फोटेरिसिनची इंजेक्शनं मिळेनात, शेवटी वर्ध्यात ती तयार होऊ लागली. जे वाचले त्यांचा प्रश्न एकच होता, "जेवता येईल का?" टाळूला पडलेलं भोक बंद करणारी कवळी बसवली की घास आणि शब्द दोन्ही परत येत. आमच्या शाखेचं महत्त्व नागपूरकरांना तेव्हा कळलं असेल तर कळलं.

आताचे प्रश्न मोबाइलवर आधी शोधून आणलेले असतात. इम्प्लांटची वॉरंटी किती, अलायनर किती महिने, दात किती शेड पांढरे होतील. टायटॅनियमचा पहिला इम्प्लांट स्वीडनमध्ये १९६५ मध्ये माणसाला बसला, हेही कधी पेशंटच मला सांगतो. हरकत नाही, माहिती असलेला पेशंट बरा. पण तोच माणूस जाताना खिशातून पन्नी काढतो, तेव्हा त्याच्या सगळ्या वाचनाला काय म्हणावं?

म्हणून जो प्रश्न मला कोणी विचारला नाही, तो तुम्हीच स्वतःला आरशासमोर विचारा. तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका एकमेकांना चिकटवा आणि उभी धरून वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये घाला. तिन्ही बोटं सहज गेली तर ठीक. गेली नाहीत, किंवा तोंडात पांढरा-लाल चट्टा अथवा जखम असून ती दोन आठवड्यांत भरली नाही, तर दाढ दुखायची वाट पाहू नका. मेडिकल चौकात 'डेंटल'ला सकाळी ओपीडी असते. केसपेपर काढा आणि तोंड दाखवा.