मांजराचे स्वातंत्र्य आणि चंडोलाचे घरटे

जर्मनीच्या नैर्ऋत्य भागातील वालडोर्फ या छोट्या शहरात मे २०२२ मध्ये एक आगळा आदेश निघाला. शहराच्या दक्षिण भागातील पाळीव मांजरांना ऑगस्टअखेरपर्यंत घराबाहेर मोकळे सोडू नये, असे प्रशासनाने फर्माविले. डोक्यावर तुरा मिरविणाऱ्या चंडोलाच्या मोजक्याच जोड्या तेथे उरल्या होत्या. हा पक्षी जमिनीवर घरटे करतो. साहजिकच त्याची पिल्ले मांजराच्या तावडीत सहज सापडतात. आदेश मोडणाऱ्यास ५०० युरो, आणि चंडोलाचा बळी गेल्यास ५०,००० युरोपर्यंत दंड होता. मालकवर्ग संतापला. जन्मभर मोकळ्या हिंडलेल्या प्राण्याला एकाएकी कोंडणे ही क्रूरता नव्हे काय, असा त्यांचा सवाल होता.

हा सवाल उडवून लावण्याजोगा नाही. धाडसी वृत्तीच्या मांजराला भिंतीवर चढणे, दबा धरणे, आपला मुलूख राखणे ही हौस नसून गरज असते. परंतु मांजर बाहेर पडते तेव्हा त्याचा आनंद मालकाच्या घरी जमा होतो आणि शिकारीची किंमत मात्र इतरांच्या खाती पडते. अर्थशास्त्रात यालाच खाजगी लाभ आणि सामाजिक खर्च यांतील तफावत म्हणतात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार अमेरिकेत मोकळी फिरणारी मांजरे दरसाल १३० ते ४०० कोटी पक्षी मारतात. मात्र त्यांतील बहुतांश शिकार बेवारशी मांजरांची आहे, हेही तोच अभ्यास सांगतो. उलटपक्षी, मांजरांमुळे देशभरातील पक्ष्यांची संख्या घटत असल्याचा शास्त्रीय पुरावा नाही, अशी ब्रिटनमधील पक्षिसंरक्षण संस्थेची भूमिका आहे. तात्पर्य, हानी स्थळ आणि काळ यांवर अवलंबून असते; सर्वत्र एकच नियम लावणे न्याय्य ठरणार नाही.

रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञाने १९६० मध्ये दाखवून दिले की, असे प्रश्न नेहमी दुहेरी असतात. चंडोलाला वाचवावे तर मांजराचे नुकसान, मांजराला मोकळीक द्यावी तर चंडोलाचे. अशा वेळी उभय पक्षांनी वाटाघाटी करून तोडगा काढावा, हे ठीक. पण चंडोल वाटाघाटीस बसू शकत नाही. शिवाय एखादी जात एकदा नष्ट झाली की कितीही दंड भरला तरी ती परत येत नाही. न्यूझीलंडच्या स्टीफन्स बेटावर १८९४ मध्ये दीपगृह उभे राहिले, माणसांबरोबर मांजरे आली, आणि तेथील उडता न येणारा चिमुकला पक्षी काही वर्षांतच नामशेष झाला.

मग कोंडणे हाच एक उपाय उरतो काय? इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये याचे उत्तर शोधले. मांसयुक्त, धान्यविरहित आहार दिल्यावर मांजरांनी घरी आणलेली शिकार ३६ टक्क्यांनी घटली. रोज पाच-दहा मिनिटे त्यांच्याशी खेळल्याने ती २५ टक्क्यांनी कमी झाली. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, ही आपली जुनी चिंता. या प्रयोगात घंटेचा ठळक परिणाम दिसलाच नाही! रंगीत कापडी पट्ट्याने मात्र पक्ष्यांची शिकार ४२ टक्क्यांनी घटविली.

या उपायांचा खर्च अल्प आहे आणि तो योग्य व्यक्तीच्या, म्हणजे मालकाच्या, माथी पडतो. निर्बंध राखून ठेवावेत ते विणीच्या हंगामासाठी, आणि जेथे एखादी जात अखेरच्या घटका मोजीत आहे अशा जागांसाठी. वालडोर्फचा आदेश याच मर्यादेत बसणारा होता. मांजराला दोरीने बांधून फिरविण्याची मुभाही त्यात होती. मांजराला शिकारीबद्दल दोष देणे व्यर्थ आहे. ते आपल्या स्वभावाला जागते. दाराची कडी माणसाच्या हाती आहे, तेव्हा ती काढताना होणाऱ्या परिणामांची जबाबदारीही त्याचीच होय.