कपची माकडाची की माणसाची?

दगडावर दगड आपटला की कपच्या उडतात. एखादीला तर चाकूसारखी धार असते! अशा पुष्कळ कपच्या जमिनीत एकत्र सापडल्या, की शास्त्रज्ञ म्हणत, 'ही आपल्या पूर्वजांचीच करामत!'

पण ब्राझीलच्या सेरा दा कापिव्हारा राष्ट्रीय उद्यानातल्या कापुचिन माकडांनी घोळच घातला. ही माकडं दगडावर दगड आपटतात आणि दगडाची भुकटी चक्क चाटतात. कपच्या तशाच पडून राहतात. २०१६ साली शास्त्रज्ञांनी त्या तपासल्या, तर हुबेहूब आदिमानवाच्या हत्यारांसारख्या! २०२३ साली थायलंडमध्येही तेच दिसलं. तिथली माकडं पामच्या टणक बिया फोडतात, तेव्हा नकळत कपच्या उडतात.

मग माणूस ओळखायचा कसा? कपची वापरली गेली का, ते बघून. इथिओपियात गोना इथं सुमारे २६ लाख वर्षांपूर्वीच्या कपच्या मिळाल्या. तिथल्या प्राण्यांच्या हाडांवर मांस कापल्याचे चरेही आहेत. म्हणजे तिथं कुणीतरी धार ओळखून ती कामाला लावली होती.

आता सांगा पाहू, नुसत्याच कपच्या सापडल्या, हाड एकही नाही, तर तुम्ही काय म्हणाल?