दूध पुरत नाही, असे म्हणण्यापूर्वी



माझी नात बाळंतपणानंतर अश्दोदला माझ्याकडे आली होती. बाळ तीन आठवड्यांचे. एका दुपारी तिने पंप लावला आणि बाटलीत जेमतेम ३० मिलिलिटर दूध आले. "आजी, एवढेच?" म्हणाली आणि डोळे पुसू लागली.

"दूध पुरत नाही गं, डब्याचे आणू या," हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. मी ते गिळले. पन्नास वर्षांपूर्वी मुंबईत मलाही हेच ऐकवले होते. तेव्हा इस्पितळात बाळे वेगळ्या खोलीत असत आणि घड्याळ पाहून दर चार तासांनी आईकडे येत. तिसऱ्या दिवशी माझे स्तन दगडासारखे झाले. दूध काढायला कोणी शिकवले नाही. दूध आटत गेले आणि दीड महिन्यात बाटली आली. मी स्वतः नर्स, तरी दोष माझ्याच अंगाचा मानला.

स्तन हा भरून ठेवलेला माठ नव्हे, ती कोकणातली विहीर आहे. उपसा झाला की झरे वाहतात. दूध साचून राहिले की शरीर ते कमी बनवते. म्हणून बाळ मागेल तेव्हा पाजावे, रात्रीही. बाळ अंगावर पीत नसेल, तर चोवीस तासांत आठ वेळा तरी दूध काढावे.

पंपाला बाळाइतके दूध निघतेच असे नाही, म्हणून बाटली पाहून हिशेब करू नये. पाचव्या दिवसानंतर दिवस-रात्रीत सहा किंवा अधिक लंगोट ओले होतात का आणि साधारण दोन आठवड्यांत जन्माचे वजन परत येते का, हे पाहावे. वजन 'तिपत हलाव'मध्ये करून घ्यावे. त्या नावाचा अर्थच 'दुधाचा थेंब'!

हाताने काढायचे तर हात धुवून, ऊन फडक्याने शेकावे. अंगठा व बोटे बोंडापासून दोन-तीन सेंटिमीटर मागे ठेवून छातीकडे दाबावीत, मग हलके पिळून सोडावीत. बोंड ओढू नये. बाळ जवळ असले, मन शांत असले की पान्हा लवकर फुटतो.

काढलेले दूध फ्रिजमध्ये चार दिवस टिकते. बाहेर चार तासांपर्यंत चालते, पण इथल्या उन्हाळ्यात लगेच फ्रिजमध्ये ठेवावे. गरम करायला वाटी कोमट पाण्यात धरावी, मायक्रोवेव्ह नको.

बाळ सुस्त असेल, पीत नसेल, लंगोट कोरडे राहत असतील, पिवळेपणा वाढत असेल, किंवा आईचा स्तन लाल होऊन ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे. डॉक्टरांनी वरचे दूध सांगितले तर द्यावे, त्यात कमीपणा नाही.

आपण आज्यांनी नारळाच्या दुधातली अळिवाची खीर जरूर करावी, बाळंतिणीला अन्न हवेच. पण त्याहून मोठे काम म्हणजे भांडी घासणे, तिला झोपू देणे आणि जीभ आवरणे.

मी पंप बाजूला ठेवला आणि बाळ तिच्या उघड्या छातीवर दिले. पुढच्या वजनाला बाळ १९० ग्रॅमने वाढले होते. नात हसली. मला मात्र माझा थोरला आठवला.